मनकर्णाचा सरकारी दुखवटा

माझी बायको मनकर्णा जानेवारीत वारली. नगरपरिषदेने तिचा दुखवटा फेब्रुवारीत सुरू केला.

तोपर्यंत घरचं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी येऊन गेले, पाहुणे जेवून गेले. मुलगी पायल अमरावतीला राजापेठेत राहते. ती काही दिवस राहिली आणि पोरांची परीक्षा जवळ आली म्हणून परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, आता सावरा. मी हो म्हटलं. नंतर जो भेटेल तो विचारायचा, आटोपलं का सगळं? मी म्हणायचो, आटोपलं. समोरच्याला पुढे कामं असतात, त्याला उभं करून ठेवणं बरं नाही.

मनकर्णा मागच्या नगरपरिषदेत सदस्य होती. त्याआधी ती आठवडी बाजारात वाळल्या मिरच्या विकायची. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, वस्तीतले लोक म्हणाले उभी राहा, ती उभी राहिली आणि निवडून आली. मी तेव्हा एसटीत ड्रायव्हर होतो, परतवाड्याच्या गाडीवर. तिचे विरोधक म्हणायचे की या बाईने पाच वर्षांत एकच काम केलं. ते खरं होतं. तिने बाजारात बायकांसाठी संडास बांधून घेतला.

खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या बायका सकाळी निघताना पाणी पीत नसत. दिवसभर उन्हात बसत आणि तरी पीत नसत, कारण प्यायल्यावर जायचं कुठे. पुरुष कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांच्यासाठी नगरपरिषदेला काही बांधावं लागत नाही. मनकर्णानेही मिरच्यांच्या ढिगामागे बसून अशीच वर्षं काढली होती. पुढे तिच्या किडन्या गेल्या. अकोल्याला डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पीत होता का? ती म्हणाली, बाजारात बसायची. डॉक्टर पुण्याकडचे होते, त्यांना हे उत्तर वाटलं नाही. त्यांनी परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं.

संडासावर चंदा नावाची बाई आहे. ती झाडते, पाणी टाकते, बादल्या भरून ठेवते आणि पुरुषांना हाकलते. तिच्याशिवाय त्या संडासाची काय गत होईल ते बस स्टँडचा संडास पाहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही.

मधली काही वर्षं प्रशासक होता. मग निवडणूक झाली आणि नवी बॉडी आली. नगराध्यक्ष म्हणून प्रणालीताई निवडून आल्या. त्या आमच्या पायलच्या वयाच्या आहेत. उपाध्यक्ष किसनराव झाले. किसनराव मोठे शेतकरी, आणि बॉडी कोणतीही आली तरी ते तिच्यात असतात.

फेब्रुवारीत नगरपरिषदेचा शिपाई घरी आला. अंदाजपत्रकाच्या सभेत पहिला विषय मनकर्णाताईंच्या दुखवट्याचा आहे, घरातलं कोणीतरी हजर पाहिजे, असं त्याने सांगितलं. मी पांढरा शर्ट घालून गेलो. मला अध्यक्षांच्या बाजूला खुर्ची दिली आणि सगळ्यांसमोर असतो तसा विषयांचा कागद माझ्याही समोर ठेवला.

आमच्या नगरपरिषदेचा एक जुना पायंडा आहे. आजी किंवा माजी सदस्य वारला की पुढच्या सभेत आधी दुखवट्याचा ठराव घ्यायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि सभा तहकूब करायची. त्या दिवशी दुसरा विषय घ्यायचा नाही. वरच्या कायद्यात असं काही नाही म्हणतात, पण इथे आजवर कोणी मोडलेलं नाही.

कचेरीचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, श्रावण यांनी ठराव वाचला. स्वर्गीय न लिहिता, आम्ही बौद्ध लिहितो तसं कालकथित मनकर्णाताई असं त्यांनी नीट लिहिलं होतं. मग किसनराव बोलले. ताईंनी या गावातल्या मायबहिणींची अब्रू राखली, असं ते म्हणाले. संडासाचा ठराव आला होता तेव्हा हेच किसनराव सभागृहात म्हणाले होते की नगरपरिषद काय आता मुताऱ्या बांधत बसेल? मनकर्णाने घरी येऊन मला सांगितलं होतं. आता ते चांगलं बोलले. मी समोरचा कागद वाचत होतो.

दुसरा विषय अंदाजपत्रक आणि खर्चकपातीचा होता. त्यात पोटविषय होते. वाचनालय दिवसातून एकदाच उघडणे. बागेचा माळी कमी करणे. बाजारातील महिला स्वच्छतागृहाचा कंत्राटी कामगार बंद करून स्वच्छतागृहास कुलूप लावणे, व नंतर ती जागा गाळ्यासाठी देणे.

आम्ही उभे राहिलो. सभा तहकूब झाली. अंदाजपत्रकाची सभा लांबते म्हणून समोसे आधीच आणून ठेवले होते. दुखवट्यात समोसे खावे की नाही यावर थोडं कुजबुजणं झालं. मग खाल्ले.

दुसऱ्या दिवशी चंदा घरी आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की पुढच्या सभेनंतर किल्ली जमा कर. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली की तिला दुसरीकडे धुणीभांडी मिळतील, तिचं काही अडत नाही.

“पन काका, मनकर्णामावशीनं मले तिथं बशवलं. कुलूप मी लावनार नाई. ज्याले लावाचं त्यानं येऊन लावाव.”

मी तिला म्हटलं की मी आता कोणी नाही, माझी बायको होती. ती म्हणाली, हे तिला माहीत आहे. मग चहा पिऊन गेली.

पुढच्या आठवड्यात तहकूब सभा पुन्हा भरली आणि शिपाई पुन्हा मला बोलवायला आला. मला वाटलं त्याची चूक झाली. तो म्हणाला, नाही, पहिला विषय तुमचाच आहे.

चूक नव्हती, श्रावणबाबूंचा नियम होता. तहकूब सभेचा विषयांचा कागद बदलता येत नाही, आहे तसाच ठेवावा लागतो. त्यांनी तो आहे तसाच ठेवला. म्हणून पहिला विषय पुन्हा दुखवट्याचा आला. मुख्याधिकारी नवीन होते, कोकणातून आलेले. ते म्हणाले, हा विषय मागेच झाला, याच्यावर रेघ मारा आणि पुढे चला. किसनराव उठले. रेघ मारायला हरकत नाही, ते म्हणाले, पण मेलेल्या बाईच्या नावावर रेघ कोण मारणार तेवढं सांगावं, म्हणजे तसं लिहून घेता येईल. मागे एक पोरगा मोबाईलवर सभेचं शूटिंग करत होता. कोणी पेन उचलला नाही.

ठराव पुन्हा वाचला गेला. किसनराव पुन्हा बोलले आणि या वेळी जास्त चांगलं बोलले, कारण त्यांना पाठ झालं होतं. आम्ही पुन्हा उभे राहिलो. सभा पुन्हा तहकूब झाली. या वेळी समोसे कोणी मागवले नव्हते.

मला तिथे बसणं जड गेलं असं म्हणता येणार नाही. घरी कोणी तिचं नाव घेत नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून घेत नव्हते. तिथे सरकारी कागदावरून मोठ्याने घेत होते.

तिसरी सभा महिन्याच्या शेवटच्या दिवशी ठेवली. त्या दिवशी अंदाजपत्रक झालं नाही तर ते कपातीशिवाय वर अमरावतीला कलेक्टरकडे जातं, आणि इथला अनुभव असा की तिथून मागच्या वर्षीसारखंच होऊन परत येतं. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी तोड काढली. घरच्यांनी सभागृहात सांगायचं की आमचा दुखवटा आटोपला. म्हणजे विषय आपोआप निकाली निघतो आणि कोणाला रेघ मारावी लागत नाही.

हे सांगायला प्रणालीताई स्वतः माझ्या घरी आल्या. मनकर्णाच्या फोटोला नमस्कार करून खुर्चीवर बसल्या. मी चहा केला. साखर कमी पडली होती, त्यांनी तसाच घेतला. त्या खोटं बोलल्या नाहीत. नगरपरिषदेत पैसा नाही, पाण्याच्या मोटारीचं बिल थकलं आहे, नव्या लेआउटच्या वस्तीतल्या लोकांना अजून रस्त्यावर दिवे नाहीत आणि त्यांनी मतं दिली आहेत. कुठेतरी कापावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, संडासच का? त्या म्हणाल्या की तो कापला तर कोणी मोर्चा काढत नाही.

“मोर्चा काढणाऱ्या बाया त्या नाईच,” मी म्हटलं. “त्या सांजच्या गाडीनं घरी जातात.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या की प्रचारात त्या दिवसभर बाजारात फिरल्या होत्या, तेव्हा त्याही तिथेच गेल्या होत्या. चंदाने त्यांना ताजं पाणी भरून दिलं होतं.

“मी काई दगड नाई, काकाजी. तुमी फक्त हो म्हना. बाकी माह्यावर सोडा.”

बाकी काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी म्हटलं, बरं, येतो. त्यांना ते हो वाटलं असावं. मलाही ते हो वाटलं. सगळ्यांना तर तेच सांगत आलो होतो, नगरपरिषदेला सांगायला वेगळं काय लागतं?

सभेच्या दिवशी बाजार होता. मी बाजारातूनच गेलो. संडासापुढे बायका उभ्या होत्या आणि चंदा एका माणसाला हाकलत होती. मिरचीच्या ओळीत मनकर्णाच्या जागेवर एक पोरसवदा बाई बसली होती. मी पाहत असताना तिने बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मग तोंड पुसून गिऱ्हाइकाकडे वळली. मनकर्णाला बाजारात असं पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी शेवटी तर डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. ती माझ्याकडे अजून मागायची आणि मी देत नव्हतो.

सभागृहात माझी खुर्ची तिथेच होती. श्रावणबाबूंनी पहिला विषय वाचला. मुख्याधिकाऱ्यांनी मान हलवली. प्रणालीताईंनी माइक माझ्याकडे सरकवला. त्या हळूच बोलल्या, पण माइक चालू होता.

“काकाजी, घरचा दुखवटा आटोपला असं समजाचं ना?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. समोर किसनराव टेबलाकडे पाहत बसले होते. मागे पोरगा शूटिंग करत होता. मला वाटलं, रस्त्यात कोणाला सांगितलं तर ते तिथेच राहतं. इथे श्रावणबाबू लिहून घेतील, आणि एकदा लिहिलं की ते आहे तसंच ठेवतील.

“नाई,” मी म्हटलं. “नाई आटोपला.”

मुख्याधिकारी माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, म्हणजे कधीपर्यंत? हा प्रश्न मला कोणी तोवर विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं, की मला अंदाज नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. किसनराव उभे राहिले होते, हात पुढे बांधून, मान खाली. भाषण त्यांनी केलं नाही. त्यांच्या मागे बाकीचे उठले. प्रणालीताई उठल्या. शेवटी मुख्याधिकारी उठले. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला असावा, कारण बसा कोणी म्हणायचं ते ठरलं नव्हतं.

मग सभा तहकूब झाली.

बाहेर जिन्यावर किसनरावांनी मला गाठलं. त्यांनी तंबाखूची डबी पुढे केली. मी घेत नाही हे त्यांना माहीत आहे.

“देवमनभाऊ, एक सांग,” ते म्हणाले. “दुखवटा खरंच नाई आटोपला, का संडासासाठी म्हनलं?”

“मले त्यातला फरक समजत नाई,” मी म्हटलं.

त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग सांगितलं की त्यांच्या घरच्या बाईला साखरेचा आजार आहे, तिला सारखं जावं लागतं, आणि बाजाराला जायचा तिचा हट्ट आहे. घरी तिने त्यांना काय काय ऐकवलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पार्टीचा माणूस असल्यामुळे त्यांना कपातीविरुद्ध बोलता येत नव्हतं. उभं राहता येत होतं.

अंदाजपत्रक अमरावतीला गेलं आणि मागच्या वर्षीसारखंच होऊन आलं. माळी राहिला, वाचनालय राहिलं, चंदा राहिली. नव्या लेआउटमधले दिवे मात्र यंदाही लागले नाहीत. तिथले लोक मला पाहून बोलत नाहीत, त्यात माझा चुलतभाऊ आहे. त्याचं बरोबर आहे. रात्री त्याच्या गल्लीत काही दिसत नाही.

पायलने फोन केला. तो व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला होता. ती म्हणाली की बाबा, तुम्ही मला तर आटोपलं म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, तुझ्या पोरांची परीक्षा होती. ती रडायला लागली, आणि त्यानंतर आम्ही पहिल्यांदा तिच्या आईबद्दल बोललो.

काल शिपाई आला होता. एप्रिलची सभा पुढच्या आठवड्यात आहे. कपातीचा विषय पुन्हा ठेवला आहे, आणि श्रावणबाबूंच्या मते आधीचा दुखवट्याचा विषय शिल्लक असल्यामुळे तो वर घ्यावा लागतो. संध्याकाळी प्रणालीताईंचाही फोन आला. येणार का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणा असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

मी पांढरा शर्ट धुवून वाळत टाकला आहे.