नवव्या पेटीवरची लूट

एप्रिलमध्ये बोहिनच्या खोऱ्यात नेझ्काकडे मधमाश्यांच्या अकरा पेट्या होत्या. दहा पेट्यांत सात-सात चौकटी माश्यांनी भरलेल्या होत्या. दर्शनी फळीवर शिकाऱ्याची तिरडी वाहणाऱ्या अस्वलांचं चित्र रंगवलेल्या नवव्या पेटीत फक्त तीनच. आईने जपलेल्या राणीमाशीच्या वंशातली एवढी एकच वसाहत उरली होती.

तिला जगवायच्या घाईत नेझ्काने भर दुपारी साखरेचा पाक नेला आणि वाटीभर पेटीच्या दारातच सांडला. दहा मिनिटांत शेजारच्या पेट्यांतल्या माश्या वासावर तुटून पडल्या. दारातल्या पहारेकरणींना तिघी-तिघी धरून नांग्या खुपसत होत्या, पंख कुरतडत होत्या. मेलेल्या आणि मरणाऱ्या एकमेकींना धरूनच गवतात पडत होत्या.

"संध्याकाळी पाजायचं असतं, पोरी. शाळेत शास्त्र शिकवतेस ना?" कुंपणापलीकडून लोय्झेकाका म्हणाले.

"टोमणे नंतर मारा, काका. आधी ओली चादर आणा."

"बायकोची चांगली चादर आहे."

"मग काकूंनाही आणा."

नेझ्काने लाकडी पट्टी लावून एकच माशी जाईल एवढं दार ठेवलं. तेवढ्यात तिच्या मानेत सहा नांग्या रुतल्या. पेटीवर ओली चादर पडली तरी आतली कापाकापी सूर्य मावळेपर्यंत थांबली नाही.

राणी वाचली की नाही, हे पाहायला तिने सकाळी पेटी मागून उघडली. गवतातल्या मेलेल्या माश्या दोनशे चाळीस ग्रॅम भरल्या. आत दीड चौकट माश्या होत्या, आणि राणीने रात्रीत घातलेली, अजून ताठ उभी असलेली अंडी एकोणीस.