पुलाजवळची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. माणसाच्या श्वासातली दारू ओळखणारे. पोलीस चौकीतले सगळे मला लाडाने 'फुंकणी' म्हणतात. कारखान्यातून निघाले तेव्हा मला एकाही श्वासाची ओळख नव्हती. मग हवालदारबाईंनी मला हातात धरले आणि आम्ही पुलाजवळ उभ्या राहू लागलो.

संध्याकाळी नदीवरून धुके यायचे. गाड्यांचे दिवे त्यात तरंगत यायचे, काच खाली सरकायची आणि कुणीतरी माझ्यात फुंकर घालायचे. कुणाच्या श्वासाला वेलचीचा वास, कुणाच्या नुसताच थकवा. सुरुवातीला माझा लाल दिवा सारखा लागे. मग लोक सुधारले, म्हणजे घाबरले म्हणा. पार्टीहून निघताना कुणी टॅक्सी बोलावू लागले, कुणी सरबतावर भागवू लागले. अपघात कमी झाले आणि वर्तमानपत्रात आमचे कौतुक छापून आले.

एका दुपारी बाईंनी हात करून एक गाडी थांबवली. आत त्यांचाच थोरला भाऊ होता, मित्राकडचे जेवण आटोपून निघालेला. मागच्या सीटवर त्याची लेक खिडकीला डोके टेकून झोपली होती.

"अगं, मी आहे. जाऊ दे ना," तो हळूच म्हणाला.

बाईंनी मला खिडकीतून त्याच्या तोंडापुढे धरले.

"फुंक, दादा."

लाल दिवा लागला. बाईंनी किल्ली काढून घेतली, भाचीला अलगद खांद्यावर घेतले आणि वहिनीला बोलावून घेतले. दादाचा परवाना काही महिन्यांसाठी गेला. तो बहिणीशी बोलेनासा झाला.

पुढे चौकीत माणसे कमी पडली. नाकाबंदी बंद झाली आणि मी कपाटात गेले. अंधारात मला ते जुने श्वास स्वप्नासारखे ऐकू येत. पुलावर आता कुणी नसते, हे लोकांना लवकरच कळले. पेले पुन्हा भरले. एका प्यायलेल्या चालकाने सायकलवरच्या एका मास्तरांना उडवले. ते वाचले, पण त्यांचा पाय कायमचा गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता तो बाईंचा दादा. परवाना नसल्याने तो बसथांब्याकडे चालत निघाला होता.

तिथून तो थेट चौकीत आला. शर्टावर रक्त होते. बाईंनी आपल्या पेल्यातला चहा त्याच्यापुढे सरकवला.

"पुलावर परत उभी राहशील ना?" त्याने विचारले.

बाईंनी वरिष्ठांना गाठले, त्यांच्या मागेच लागल्या. अखेर मला नवी बॅटरी मिळाली.

मित्रांनो, मला अडगळीत टाकू नका. वेळोवेळी माझी तपासणी करा. पण माझ्या भीतीवरच सगळे सोडू नका. घरातल्या कुणी पिऊन किल्ली उचलली, तर त्या गाडीत बसू नका आणि घरात तसे सांगा. माझा लाल दिवा लागायचे काही कारणच उरू नये. धुक्यातल्या त्या पुलावर, हिरव्या उजेडात मला निवांत म्हातारी होऊ द्या.