बंद दुकानापुढची गर्दी

"चढला! पुन्हा चढला!"

पॅकिंगवाला ओरडला आणि भिंतीवरच्या पडद्यापुढे जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. पडद्यावर एकच आकडा होता : या घडीला कारखान्याच्या वेबसाइटवर किती लोक आहेत. पूर्वी तो बोटांवर मोजता यायचा; महाराज आल्यापासून चढत चढत आज शेकड्यांत गेला होता. भट्टीवरचे कामगार हाताची माती न धुताच आले होते. शेजारचे दुकानदार दारात टाचा उंचावून उभे होते. आणि संगणकावर ठेवलेल्या तांब्याच्या वेटोळ्याला बोट लावून, डोळे मिटून उभे होते, ज्यांचा आज सत्कार होता ते लहरतज्ज्ञ महाराज.

"प्रत्येक वेबसाइटला नाभी असते," ते म्हणाले. "तुमची आखडली होती. गिऱ्हाईक यायचं, त्याला वाईट लहर लागायची, ते उलट्या पावली फिरायचं. आम्ही लहर सरळ केली."

"ही नाभी असते कुठे, महाराज?" मी विचारलं.

"ज्याला दिसायची त्याला दिसते, बाई."

"आणि ज्याला नाही दिसत त्याने तुम्हाला बोलवायचं!"

भावोजींनी डोळे वटारले. चिनीमातीच्या कपांचा हा कारखाना त्यांचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. घरात मला शंकेखोर म्हणतात.

पण त्या दिवशी माझी चेष्टा वरवरचीच होती; आत राग होता. महाराजांनी आल्याआल्याच वाईट लहरीचं मूळही दाखवून दिलं होतं : कुंचलेबाईंचे हात.

कुंचलेबाई कपांवर नक्षी काढायच्या. कुंचला कायम कानामागे खोचलेला, म्हणून ते नाव. त्यांच्या हातांवर कोड होतं. वेबसाइटवरच्या फोटोंत कप धरलेले हात त्यांचेच. 'ज्यांनी रंगवला त्यांच्याच हातात तो शोभतो,' असं म्हणून भावोजींनीच ते फोटो काढून घेतले होते. मग ऑर्डरी घटल्या, भट्टी आठवड्यातून निम्मे दिवस थंड राहू लागली, आणि कुणीतरी महाराजांना आणलं. त्यांनी फोटो पाहताच मान हलवली. दुसऱ्या दिवशी फोटो उतरले. बाईंना सांगण्यात आलं, "थोडे दिवस घरीच राहा."

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्या हातमोजे घालून भाजी चिरत होत्या.

"अहो, हे काय? कोड लागत नाही कुणाला!"

"माहीत आहे हो. डॉक्टरांनी कधीच सांगितलंय." त्यांनी सुरी खाली ठेवली. "पण सगळेच म्हणायला लागले ना, की आपल्यालाही वाटतं, असेल काहीतरी."

मी तशीच बहिणीकडे गेले आणि वेबसाइटच्या नोंदी मागितल्या. तिने नवऱ्याला न विचारता पासवर्ड दिला.

या धंद्यात एक हिशेब असतो, त्याला कन्व्हर्जन फनेल म्हणतात. फनेल म्हणजे आपलं नरसाळं. वर रुंद, खाली निमुळतं. दुकानात किती आले, त्यातल्या किती जणांनी कप उघडून पाहिला, किती जणांनी टोपलीत टाकला, पत्ता कितींनी भरला, विकत कितींनी घेतला. कुठल्या पायरीवर माणसं गळतात ते पाहायचं, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळतं. मी ते मांडलं आणि गळती कुठे आहे ते मला दिसलं.

म्हणून सत्काराच्या त्या सकाळी, टाळ्या सुरू व्हायच्या आधीच, मी वेबसाइट सांभाळणाऱ्याला एक काम सांगितलं होतं. त्याने वेबसाइटवरचे सगळे कप काढून तिथे एकच ओळ ठेवली : 'दुकान बंद आहे.'

तरी भिंतीवरचा आकडा चढतच राहिला.

"महाराज," मी म्हटलं, "दाराला कुलूप आहे. आत बशीसुद्धा नाही. ही माणसं कशासाठी येताहेत?"

"आमच्या लहरीला कुलूप अडवत नाही."

"माणसाला अडवतं. आणि कुलूप नव्हतं तेव्हा तरी यातल्या कुणी एक कप उघडून पाहिला? सगळे पहिल्या पानावर येतात आणि पापणी लवायच्या आत जातात. ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत. अशा खोट्या भेटी भाड्याने मिळतात."

"तरीच!" पॅकिंगवाला पुटपुटला. "गर्दी एवढी, आणि मी चिकटपट्टीचं तेच बंडल घेऊन बसलोय."

"मग आधी गिऱ्हाईक का फिरत होतं?" भावोजींनी विचारलं.

"हातांना पाहून कुणी फिरलं नाही. त्या फोटोंवर लोक थांबत होते, कप टोपलीत टाकत होते. जवळजवळ सगळे गळाले ते पत्त्याच्या पानावर, आणि तेही मोबाइलवरून आलेले." मी दुकान पुन्हा उघडायला लावलं. "तुमचा फोन काढा. स्वतःचाच एक कप विकत घ्या."

त्यांनी कप निवडला, पत्ता भरला. मग अंगठा पडद्यावर नुसताच फिरू लागला.

"'पुढे जा' कुठंय?"

"तुमच्या पट्टीखाली."

'घरपोच मोफत' ही लाल पट्टी त्यांनीच हौसेने लावून घेतली होती. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर ती नीट दिसे. फोनवर ती बरोबर त्या बटणावर बसत होती. ऑर्डरी घटल्या त्या तेव्हापासून.

आम्ही मान वर केली तोवर महाराज वेटोळ्यासकट पसार झाले होते.

त्याच दिवशी भावोजी मला घेऊन कुंचलेबाईंकडे गेले. "चूक माझी झाली. कामावर या."

"येईन," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तुमच्यातल्या एकानेही 'कशावरून?' एवढं का नाही विचारलं?"

तो प्रश्न मलाही लागू होता. त्या घरी बसल्या तो आठवडाभर मला फक्त महाराजांची टिंगल सुचली होती.

त्या परत आल्या, ऑर्डरीही आल्या. तरी त्यांनी पुढे केलेल्या ट्रेमधला चहा उचलताना अजून एखादा हात अडखळतो. खोटा आकडा एका सकाळी उघडा पडतो. मनात पेरलेला संशय इतक्या सहज उपटून निघत नाही. म्हणून तो पेरला जातो तेव्हाच विचारायला हवं. आकडा कितीही मोठा असो, सांगणारा कितीही थोर असो, विचारा : कशावरून? आणि उत्तर हाती येईपर्यंत कुणालाही घरी पाठवू नका.