आजीच्या फोनमधलं हिरवं बटण

टक्!

दुपारच्या शांत घरात गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. ती डबी तासाभरापूर्वी एकदा उघडून झाली होती. आजीने गोळी घेतली होती, वर पाणी प्यायली होती. जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून मी ते स्वतः पाहिलं होतं. आता ती तीच गोळी पुन्हा घेत होती.

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, फोनमधलं. औषधाची आठवण करून देणारं एक अ‍ॅप आहे, त्यात मी राहतो. माझ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे : ‘घेतली’. गोळी घेऊन झाली की मला दाबायचं. मी दाबला गेलो की अ‍ॅप गप्प बसतं. एवढंच माझं काम.

त्या दुपारी मला ओरडायचं होतं. पण बटणाला तोंड नसतं, नुसतं अंग असतं. आणि त्या दिवसांत माझं अंगही माझ्याजवळ उरलं नव्हतं. ते कसं गेलं, ते सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

माझा जन्म याच टेबलावर झाला. या घरची सून अ‍ॅपचं रूप घडवते. काय कुठे दिसावं, बोट कुठे लागावं, हे ती ठरवते. तेव्हा तिची लेक, चिमणी, पाळण्यात होती. एका पायाने पाळणा हलवायचा आणि दोन्ही हातांनी मला घडवायचं, असं चाललेलं. चिमणी कुरकुरली की मी अर्धाच राहायचो.

थोडा आकार आला की ती मला सासूबाईंपुढे धरायची. “आई, चष्मा काढा आणि बोट लावा बघू.”

आजीचं बोट कधी माझ्या वर पडायचं, कधी खाली.

“अगं, हे बटण आहे की डाग? ठळक कर. लाजतंय कशाला ते?”

मग सून मला ठळक करायची. असं करता करता मी झालो गडद हिरवा, भरीव, भोवती काळी किनार, खाली थोडी सावली. एके दिवशी आजीने चष्मा काढला आणि तिचा अंगठा बरोबर माझ्या पोटावर पडला. “हां! हे बटण!” ती म्हणाली. सासूसुना अशा हसल्या की पाळण्यातली चिमणी दचकून उठली.

माझ्या खाली माझा धाकटा भाऊ होता, ‘नंतर’ नावाचा. बारीक आणि करडा. त्याला दाबलं की अ‍ॅप तासाभराने पुन्हा विचारायचं, “गोळी घेतली का?” त्याला फारसं कुणी दाबत नसे, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

पुढची वर्षं माझ्या मानाची होती. चिमणी चालू लागली, बोलू लागली, आणि मला कोण दाबणार यावरून आजी-नातीची रोज भांडणं होऊ लागली. “गोळी तुझी, बटण माझं,” असा शेवटी तह झाला. अ‍ॅप आता कितीतरी घरांत पोचलं होतं, आणि ते वापरणारे लोक कौतुकाने लिहायचे. वडिलांना आता कुणावर अवलंबून राहावं लागत नाही, असं एकाने लिहिलं होतं. सुनेच्या ऑफिसातले साहेब ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

मग फोनलाच नवं रूप आलं. सगळं काचेचं! पट्ट्या काचेच्या, चौकटी काचेच्या, मागचं सगळं आरपार दिसणारं. जुनी अ‍ॅपं त्यात गबाळी दिसू लागली म्हणे. साहेबांनी सुनेला बोलावलं. “आपलं अ‍ॅप कसं नव्या फोनमध्ये जन्मल्यासारखं दिसलं पाहिजे. आणि हे हिरवं धूड आधी काढा.”

धूड! ज्याचं कौतुक काल मोठ्याने वाचत होतात, ते आज धूड?

“सर, आमच्या आईंना ते बरं पडतं,” ती म्हणाली.

“आईंना काचही आवडेल हो. शुक्रवारपर्यंत होईल ना?”

त्या आठवड्यात चिमणीला ताप होता. लेकीला मांडीवर घेऊन, एका हाताने, तिने माझी किनार पुसली. मग सावली पुसली. माझा हिरवा रंग पुसताना ती जराशी थांबली, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन. शेवटी उरली गोल कडांची एक काच आणि तिच्यावर पांढरी अक्षरं.

आता नीट ऐका. काचेला स्वतःचा रंग नसतो. मागे जे असेल तेच ती दाखवते. ऑफिसात मला तपासलं ते निळ्याशार आकाशाच्या चित्रावर. तिथे मी देखणा दिसलो, कशाला खोटं बोलू? टाळ्या पडल्या. पण लोक या अ‍ॅपमध्ये मागे आकाश लावत नाहीत, आपल्या माणसांचे फोटो लावतात, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. आजीच्या फोनमध्ये चिमणीचा फोटो आहे. अंगात पांढराशुभ्र स्वेटर, खाली काळी पँट. मी बरोबर स्वेटरवर आलो. पांढऱ्यावर पांढरा! आणि धाकटा ‘नंतर’ आला काळ्या पँटवर. जन्मात पहिल्यांदा तो लख्ख दिसत होता.

आजीला एकच बटण दिसलं. त्यावरची अक्षरं तिला लागत नव्हती, तिने तेच दाबलं. तासाभराने फोनने विचारलं, “गोळी घेतली का?”

आजी डबीकडे बघत राहिली. “घेतली ना मी?” ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, “नसेन घेतली. फोन कशाला खोटं बोलेल?”

टक्!

हाच तो आवाज, मित्रांनो, ज्यापासून मी सुरुवात केली.

दुसऱ्या गोळीनंतर आजी उठायला गेली आणि भिंत धरून खालीच बसली. चिमणीने शेजारच्या काकूंना हाका मारल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार उतरलाय, आज झोपून राहू द्या, पण असं पुन्हा होता कामा नये. संध्याकाळी आजीचा मुलगा, म्हणजे चिमणीचे बाबा, तिच्या उशाशी बसले.

“आई, दोनदा कशी घेतलीस?”

“फोन परत विचारत होता रे.”

बाबांनी तिचं पांघरूण सारखं केलं. स्वयंपाकघरात जाऊन मात्र सुनेला हळूच म्हणाले, “तिच्या लक्षात राहत नाही आता. चिमणीला तिच्या भरवशावर कसं ठेवायचं?”

घरात हळूच बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. आजीलाही गेलं. गोळ्यांची डबी कपाटावर चढली. सोमवारपासून शाळा सुटल्यावर चिमणीने पाळणाघरात जायचं ठरलं. आणि आजी भांडली नाही हो! भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गॅस बंद केलाय का, ते पुन्हा पुन्हा उठून बघू लागली. नातीला गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारू लागली, “हे सांगितलं का गं मी आधी?”

ती काही विसरली नव्हती! नजर अधू झाली म्हणून अक्कल जात नाही. गायब मला केलं होतं आणि वेडी ती ठरत होती. माझी किनार गेली, रंग गेला, धूड म्हणवून घेतलं, ते सगळं मी गिळलं असतं. हे कसं गिळू?

रविवारी दुपारी सून कपाटावरची डबी काढून आजीजवळ बसली. “आई, आज माझ्यासमोर घ्या.” आजीने गोळी घेतली. मग तिचा अंगठा फोनवर फिरू लागला, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा मध्ये.

चिमणी खुदकन हसली. “आजी, माझ्या स्वेटरवर काय शोधतेस? गुदगुल्या होतील ना मला!”

“तुझं बटण शोधतेय गं. इथेच असायचं.”

सुनेने फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग आपला चष्मा काढून पाहिलं. मी समोर असून तिला दिसलो नाही. तिचा चेहरा मात्र मला स्पष्ट दिसला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

“फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काच घट्ट, कमी आरपार करता येते की,” ते म्हणाले.

“सर, ज्यांना बटण दिसत नाही, त्यांना ते सेटिंग कोण दाखवणार?”

“अहो, एका आजीसाठी सगळं रूप मोडायचं का? पुढे बघू.”

पुढे बघू! मित्रांनो, उद्या तुम्हीही काही ना काही घडवाल. बटणं घडवाल, दारं, पायऱ्या, रस्ते घडवाल. नवं जरूर करा. मी जुना आहे म्हणून नव्याच्या नावाने बोटं मोडत नाही. पण जुनं पुसण्याआधी, ते ज्यांच्या रोजच्या हातातलं आहे, त्यांच्या शेजारी एकदा जाऊन बसा. त्यांचं बोट कुठे पडतंय ते बघा. एका दुपारचं काम आहे, फार नाही.

सुनेने त्याच टेबलावर मला पुन्हा घडवलं आणि आजीच्या फोनमध्ये बसवलं. तोच हिरवा, तीच किनार, तीच सावली. आजीने चष्मा काढला. अंगठा थेट माझ्या पोटावर!

“आलं गं धूड परत!” आजी म्हणाली. सुनेने ऑफिसातला तो शब्द घरी सांगितला होता. आजीच्या तोंडून तो मला गोड लागला.

सुनेकडून सगळं ऐकून बाबा दारात उभे होते. “आई, डबी आता टेबलावरच राहू दे,” ते म्हणाले.

“राहू दे. आणि पोरीला पाळणाघरात पाठवायचं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे आता तुझ्या लक्षात राहील ना?”

बाबांनी मान खाली घालून हो म्हटलं आणि आजीसाठी चहा टाकायला गेले.

चिमणी आईच्या मांडीवर चढली. माझ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, “आई, हे सगळ्यांच्या फोनमध्ये परत आलं?”

“नाही गं. फक्त आपल्या आजीच्या.”

चिमणीने बोट काढलं नाही. जरा विचार करून ती म्हणाली, “मग ज्या आजींच्या घरी तू नाहीस, त्यांना कोण सांगणार की त्या विसरल्या नाहीत म्हणून?”