काठोकाठ

मी एक टोप आहे. भाताचा. जाड ॲल्युमिनियमचा, दोन कानांचा, बाहेरून काळाकुट्ट. एका ओताऱ्याच्या परसात माझा जन्म झाला. मोडके पंखे, गाड्यांचे तुटके भाग, चेपलेल्या किटल्या असं काहीबाही वितळवून त्यानं मला वाळूच्या साच्यात ओतलं, म्हणून माझं अंग थोडं खडबडीतच राहिलं. सान राफाएलच्या बाजारात मेलिदानं मला उचललं, बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घेऊया. आपल्याला पुरून उरेल." तेव्हा तिच्या पोटात यानेल्बा होती.

उसाच्या मळ्याकडेच्या त्या घरातले दिवस आठवले की अजून माझं बूड उबदार होतं. मेलिदा मला तीन दगडांवर चढवायची. तेलात लसूण, मग ओल्या तुरीचे दाणे, नारळाचं दूध, तांदूळ, आणि वर झाकणाआधी केळीचं पान. भात निवत आला की ती उलथन्यानं तळाची खरपुडी सोडवायला लागे. त्या खरखर आवाजाला पोरं कुठूनही धावत यायची. छोटी यानेल्बा तर माझ्यात डोकं घालूनच बसायची. शेजारचा सेनोन म्हाताराही आपला वाटा मागून घ्यायचा. तोंडात दात नव्हते त्याच्या, पण कॉफीत बुडवून खायचा. मेलिदा हसून म्हणायची, या घरात टोप घासायला राख लागतच नाही.

यानेल्बा शिकली आणि किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात लागली. पाहुण्यांनी एकदा पैसे भरायचे, मनगटाला पट्टी बांधायची आणि दिवसभर हवं ते, हवं तेवढं खायचं, असं ते हॉटेल. पुढे ती तिथल्या जेवणघराची प्रमुख झाली. गावचं जेवण गावच्या बाईच्या हातून वाढायचं असं मोठ्या साहेबांच्या मनात आलं, तेव्हा तिनं आईचं नाव सुचवलं. नवरा गेल्यापासून मेलिदा एकटीच होती. लेकीजवळ राहायला मिळणार म्हणून ती आनंदानं निघाली, आणि मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली.

पहिले काही दिवस मी फार मिरवलो. पाहुणे माझे फोटो काढायचे. मग तिथली रीत कळली. दार बंद होईपर्यंत मी काठोकाठ भरलेला दिसलो पाहिजे. तळ दिसला की पाहुण्यांना आपण उशिरा आलो असं वाटतं म्हणे. मग शेवटी भात, मासे, मटण, केक, सगळं एकाच काळ्या पिशवीत. नोकरांना पावाचा तुकडाही घरी नेता येत नसे. मेलिदानं लेकीला विचारून पाहिलं, निदान आपल्या माणसांना तरी देता येणार नाही का? बाहेर नेलेलं खाऊन कुणी आजारी पडलं तर हॉटेलवर येतं, असं यानेल्बानं समजावलं. मेलिदानं मान हलवली. पण मला घासताना तिचा हात जड झालेला मला कळत होता.

एका दुपारी एका पाहुण्यानं ताटात डोंगर रचला. दोन घास घेतले आणि आइस्क्रीमकडे निघून गेला. वाढपी ताट उचलायला आला, तेवढ्यात मेलिदानं डाव खाली ठेवला. ती टेबलाशी गेली, खुर्ची ओढली, ते ताट पुढ्यात घेतलं आणि जेवायला लागली. सावकाश, घरी बसल्यासारखी.

सगळं जेवणघर वळून बघायला लागलं. यानेल्बा लगबगीनं आली.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. जेवतेच आहे ना मी?"

"माझी नोकरी जाईल."

"तू लहान होतीस तेव्हा माझ्या ताटातलं तू खायचीस, तुझ्यातलं मी. तेव्हा नव्हती वाटत लाज."

"तेव्हा आपण गरीब होतो, आई."

मेलिदानं ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः विसळलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि बस धरून गावी गेली. मला उचलायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही.

यानेल्बाची नोकरी राहिली, आईशी बोलणं मात्र तुटलं. मला दारापाशी ठेवून माझ्यात प्लास्टिकचे आंबे आणि अननस भरले. धूळ बसायची तेवढीच. यानेल्बा जाता-येता कधी माझ्या कानावरून हात फिरवायची. नाताळ आला नि गेला, ती गावी गेली नाही.

पुढे हॉटेलाची नवी सजावट झाली आणि मी भंगारात निघालो. तिथून यानेल्बानं मला साहेबांना विचारून मागून घेतलं. तिच्या मांडीवर बसून मी गावी आलो तो ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. मेलिदा उंबऱ्यात बसली होती. लेकीकडे न बघता तिनं माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काय दशा केली याची." यानेल्बानं राख आणि लिंबू घेतलं आणि मला घासायला बसली. माफी कुणीच मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ईस्टरला करतात ती राजम्याची गोड खीर करायची ठरली. यानेल्बा मोठ्या दुकानातून राजम्याची भली मोठी पिशवी घेऊन आली होती. ती सगळीच माझ्यात ओतायला गेली, तशी मेलिदानं तिचं मनगट धरलं.

"कोण कोण खाणार आहे?"

"बघू की. उरलं तर उरलं."

"बघू नाही. जा, विचारून ये."

यानेल्बानं पिशवी खाली ठेवली. मग चपला घालून निघाली. कित्येक वर्षांत ती त्या दारांवर गेली नव्हती. एका घरी डबाबंद खीर आणून ठेवली होती, नको म्हणाले. एका घरी तिला ओळखायलाच वेळ लागला, मग बसवून कॉफी पाजली. परतली ती बोटांवर नावं मोजत. मेलिदानं प्रत्येक नावाला एक ओंजळ टाकली आणि शेवटी दोघींची. पिशवी निम्मी राहिली. मी अर्धाच भरलो होतो.

चुलीवर चढताना मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

माझे भाऊबंद तुमच्या घरीही असतील. त्यांना चुलीवर चढवण्याआधी घरातल्यांना, शेजारच्यांना एकदा विचारा, जेवायला कोण कोण आहे. आम्हाला काठोकाठ भरायची हौस नाही हो. संध्याकाळी रिकामं होऊन पालथं पडावं, एवढंच आमचं सुख.