साडूची लेन्स

थोरल्या जावयाचा मान पहिला, बाकी सगळं दुसरं. मी अंबादास, आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, थोरला जावई. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, मुक्काम दिल्लीतलं सरकारी क्वार्टर. धाकटा जावई सुधन्वा. तोही आधी माझ्यासारखाच सरकारी नोकरीत होता. बाजार खुला झाला तशी त्याने ती सोडली आणि एका खासगी कंपनीत उडी मारली. तेव्हा मी माझ्या बायकोला, हेमलताला, म्हणालो होतो, "बघ, सहा महिन्यांत हात हलवत परत येईल." तो आला नाही. नोएडाला गेला, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, लांबलचक गाडी घेतली, आणि दर दिवाळीला माझ्या पोटात थोडं थोडं दुखत राहिलं.

पण एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. फरीदाबादला भाऊसाहेबांच्या घरी काहीही कार्य निघालं की ते म्हणायचे, "फोटो अंबादासराव काढतील." बारसं, मुंज, डोहाळजेवण, सगळं माझ्या जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्यात आलं आहे. खुद्द सुधन्वाच्या लग्नाचे फोटो माझे आहेत. एरवी तो घरात कुठेही मिरवो, फोटोच्या वेळी "सुधन्वा, जरा डावीकडे" असं म्हणायचा अधिकार माझा होता, आणि तो निमूट सरकायचा. तेवढ्यावर मी वर्ष काढायचो.

दोन हजार दहा साली भाऊसाहेबांचं पंच्याहत्तरावं वर्ष संपलं. आमच्याकडे अशा वेळी कणकेचे पंच्याहत्तर दिवे लावून ओवाळतात. घरातले सगळे दिवे बंद, मध्ये पाटावर म्हातारा, आणि लेकी परातीतले दिवे घेऊन समोर. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो. मी महिनाभर आधीपासून मनातल्या मनात तो काढत होतो.

आणि आदल्या आठवड्यात सुधन्वाचा फोन आला.

"अंबादासराव, एक डिजिटल रेंजफाइंडर घेतलाय. सेकंड हँड, पण पीस एकदम अच्छा आहे. दुकानदाराने दोन लेन्स ट्रायलला दिल्यात, दोन्ही फिफ्टी एमएमच्या. सोमवारी एक परत करायचीय. तुमच्याशिवाय कोणाला कळणार यार? या ना शनिवारी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रेंजफाइंडर! ज्या कॅमेऱ्याची चित्रं मी लायब्ररीतल्या मासिकांत पाहत आलो, तो या माणसाने भाजी घ्यावी तसा घेतला होता. आणि वर मलाच विचारत होता, मेथी घेऊ की पालक.

"येतो," मी म्हणालो. न जाऊन सांगतो कोणाला? आमच्यासाठी आता मेट्रोही नोएडापर्यंत गेली होती.

कॅमेरा त्याने माझ्या हातात दिला तेव्हा मला रागही धड येईना, इतका तो सुंदर होता. छोटासा, जड, गार. आमच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. यात तसं नाही. बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात, आणि लेन्स वेगळी. खिडकीत मधोमध माणूस दोनदा दिसतो, एक ठसठशीत, एक भुरका. लेन्स फिरवून भुरक्याला ठसठशीतवर नेमका बसवला की फोकस झाला. मी समोरच्या टॉवरवरचं वाळत घातलेलं धोतर दोनाचं एक केलं, आणि कॅमेरा परत द्यायला माझा हात वळेना.

"लेन्सला बोट लावू नका हं," सुधन्वा म्हणाला. "स्क्रॅच आला तर दुकानदार परत घेणार नाही." आणि माझ्याच हातातल्या कॅमेऱ्यावर त्याने काळं झाकण बसवलं. पुढे पाहिलं, तर फोटो काढला की झाकण, फोटो काढला की झाकण. नव्या सुनेच्या डोक्यावरचा पदरही कोणी इतका सावरला नसेल.

त्याचं मन मोठ्या लेन्सवर होतं. एक-पॉइंट-एकची ती लेन्स तांब्याएवढी होती, इतका उजेड खाणारी की अंधारातही दिवस करेल. दुसरी एक-पॉइंट-चारची, जुनी, फुलपात्राएवढी.

"मोठीच घेतो," तो म्हणाला. "पंच्याहत्तर दिव्यांचाच तर उजेड असणार. मॅक्सिमम लाइट पाहिजे ना?"

म्हणजे ओवाळणीचा फोटो तोच काढणार होता. विचारलं नाही, सांगितलं नाही, गृहीत धरलं. आणि मला लख्ख दिसत होतं की मोठी लेन्स घेतली तर त्याचा फोटो बिघडणार. "बिल्कुल, मोठीच घे," एवढं म्हटलं की काम झालं असतं.

मी खोली अंधारी करायला लावली. देवघरातून समई आणवली. सुरुची, म्हणजे त्याची बायको आणि माझी मेहुणी, तिला समईसमोर बसवलं आणि भाऊसाहेबांसारखं जरा डुलायला सांगितलं. भाऊसाहेबांना एका जागी बसून डुलायची सवय आहे. दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवून फोटो काढले आणि लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. मोठीत डोकं जरा हललं की नाक धारदार, आणि डोळे धुक्यात. वर ती लेन्स इतकी पुढे आलेली की खिडकीचा एक कोपरा तीच झाकायची. छोटीत उजेड थोडा कमी, पण डोळा, पापणी, कपाळावरचं कुंकू, सगळं जागच्या जागी, आणि कडेने समईच्या ज्योतीची मऊ साय.

जीभ खोटं बोलायला वळेना. सुधन्वाचं वाईट व्हावं हे मला मनापासून वाटत होतं, पण फोटोचं वाईट करायची मला सवय नव्हती.

"छोटी घे," मी म्हणालो. "भाऊसाहेब डुलतात. आणि कॅमेऱ्यावर सोडू नकोस, शटरचा स्पीड हाताने तीसवर लाव."

"थँक्यू हं. मान गए!" त्याने लगेच मोठी लेन्स डब्यात घातली. मी मेट्रोत बसल्यावर स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी फरीदाबादच्या हॉलमध्ये पन्नासएक माणसं. सुधन्वा गळ्यात तो कॅमेरा घालून फिरत होता आणि सगळे त्याच्याभोवती. पाठीमागची स्क्रीन त्याने बंद ठेवली होती. "खरा रेंजफाइंडरवाला मागे बघत नाही," असं तो लोकांना सांगत होता. हे त्याने इंटरनेटवर वाचलं होतं, आणि आता त्याचंच झालं होतं. माझा जुना कॅमेरा कोणी पाहिलाही नाही.

पण खरा घाव पुढेच होता. भाऊसाहेब पाटावर बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "फोटो कोण काढतंय? सुधन्वा का? अच्छा, अच्छा. आता नवीन कॅमेरा आहे म्हणे."

बस. इतक्या वर्षांचं ते वाक्य इतक्या सहज गेलं. मला भर हॉलमध्ये रडू येईल की काय असं वाटलं. सुधन्वाने अगदी समोरची जागा घेतली. मी डावीकडे भिंतीला टेकलो.

"नानू, ये आरती है ना?" सुधन्वाच्या मुलीने, मैत्रेयीने, आजोबांना विचारलं. ही पोर दिल्लीतच वाढलेली.

"औक्षण म्हणतात गं," हेमलता म्हणाली, आणि दिवे बंद झाले.

पंच्याहत्तर ज्योती. सगळा हॉल तुपाच्या वासाने आणि पिवळ्या उजेडाने भरला. दोघी बहिणींनी परात उचलली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर मला भाऊसाहेबांचा फक्त एक गाल आणि कान. ते सुधन्वाकडे बघत होते. एरवी डुलणारे भाऊसाहेब फोटोसाठी श्वास रोखून अगदी स्थिर बसले होते. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

मी सुधन्वाकडे पाहिलं, आणि मला दिसलं. लेन्सवर काळं झाकण तसंच होतं.

त्याला खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. भुरके भाऊसाहेब खऱ्या भाऊसाहेबांवर बसत होते, आणि गडी बटण दाबत होता. खट्. काळा फोटो. खट्. दुसरा काळा. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. देव आहे! चार-पाच मिनिटांत ज्योती खाली बसणार, दिवे लागणार, आणि या क्षणाचा जगात एकच फोटो राहणार, तो माझा. मग एक गाल का असेना! खट्. दाब लेका, दाब.

"आला का रे?" ओठ न हलवता भाऊसाहेबांनी विचारलं. धुराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ते पापणी लववत नव्हते.

"एकदम मस्त, भाऊसाहेब! असेच बसा."

म्हातारा त्या काळ्या झाकणाकडे डोळे ताणून बघत होता. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, इतका शहाण्यासारखा, आणि समोर काहीच नाही. मला ते बघवेना. आणि माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतायत, हेही बघवेना. दोन्हींतलं कोणतं जास्त होतं, मला सांगता यायचं नाही.

"अरे झाकण! झाकण काढ, मूर्खा!" मी ओरडलो. कॅमेरा सोडून हात वर करून, कार्यात ओरडू नये तसा ओरडलो.

सगळा हॉल हसून नुसता फुटला. हेमलताच्या हातातली परात हसण्याने हलायला लागली. सुधन्वाने लालबुंद होऊन झाकण उपटलं. आणि भाऊसाहेबांनी मान वळवली. भिंतीला टेकलेल्या माझ्याकडे सरळ पाहिलं, डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि असे हसले की मी लग्नात त्यांना नमस्कार केला तेव्हाही ते तसे हसले नव्हते.

"म्हणून अंबादासराव लागतात," ते म्हणाले.

खट्.

तो फोटो आज फरीदाबादच्या हॉलमध्ये लावला आहे, मोठा, सोनेरी चौकटीत. भाऊसाहेबांना जाऊन आता तीन वर्षं झाली, आता त्याला हारही असतो. डोळा, पापणी, कपाळावरचं कुंकू, सगळं जागच्या जागी आहे, आणि कडेने ज्योतींची साय. छोट्या लेन्सचा फोटो. येणारा जाणारा सुधन्वाचं कौतुक करतो. तो म्हणतो, "कॅन्डिड आहे. मोमेंट पकडावी लागते."

मागच्या श्राद्धाला मैत्रेयी त्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "पण नानू बघतायत कोणाकडे? कॅमेऱ्याकडे नाही ना बघत."

कोणी काही बोलण्याआधी सुधन्वाच म्हणाला, "तुझ्या काकांकडे," आणि त्याचा चेहरा जरा उतरला. तो माझ्यावर जळतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

 ती नजर माझी आहे, हे त्याला माहीत आहे. पण त्या क्षणी माझा कॅमेरा छातीवर लोंबत होता आणि माझा हात हवेत होता. ती नजर माझी, आणि तिचा फोटो माझ्याकडे नाही. तो साडूकडे आहे.