हळदीबाबांची वाटी आणि सवयींचा रकाना

"लाल झालं! लाल झालं!"

घाटकोपरच्या आमच्या चाळीचं अख्खं पटांगण एका वाटीभोवती गोळा झालं होतं. वाटीत हळदीचं पाणी. धोंडिरामकाकांनी त्यात बोटं बुडवली आणि पिवळ्याचं लालभडक झालं.

"कॅन्सर बाहेर पडला!" हळदीबाबा गरजले. "मुळासकट! वॉरंटीसकट! आता ना डॉक्टर, ना रिपोर्ट!"

समोर जिन्याखाली माझं टेबल. मी शुभा, आरोग्यसेविका. तोंडाच्या तपासणीचं शिबिर एकच दिवस, बारा वाजेपर्यंत. डॉक्टर गंधाली हातात विजेरी घेऊन सकाळपासून माशा मारत होत्या.

मालनकाकूंनी नवऱ्याला मनगट धरून माझ्यासमोर आणून बसवलं.

नाव: धोंडिराम.

वय: "लिही पन्नास." "अठ्ठावन्न," काकू म्हणाल्या.

सवयी: "काय नाय." "तंबाखू. चुना लावून. दिवसातून आठ वेळा, तीस वर्षं."

व्यायाम: "मळतो ना तंबाखू!"

तोंडात चट्टा किंवा जखम: "गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. महिना झाला."

"होता!" काका उठले. "बाबांनी आत्ताच काढला. डोळे फुटले काय तुझे?"

सही: कोरी.

काकू तरातरा वाटीकडे गेल्या. बाबांनी ताजं पाणी ठेवलं. काकूंनी हात बुडवला. पिवळं ते पिवळंच.

"माते, तू निरोगी!"

"निरोगी म्हणून नाही, मी तंबाखू-चुना मळत नाही म्हणून. आणि हा लाल रंग मी रोज बघते. हळदीच्या डागावर साबण घासला की साडी अशीच होते."

त्यांनी काकांच्या खिशातून चुन्याची डबी काढली, बाबांच्या पुढ्यातल्या नारळाला बोटभर चुना फासला आणि नारळ वाटीत टेकवला.

लाल!

"अगो बाई, नारळाला कॅन्सर!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"ॲडमिट करा त्याला!" गॅलरीतून बर्नार्ड अंकल ओरडले.

मग दर वेळी ताजं पाणी आणि बोटभर चुना. कंगवा. लाल. मग कुणाची तरी चप्पल. लाल.

"चपलेचा तो मागच्या जन्मीचा..." बाबा सावरायला गेले, तेवढ्यात काकूंनी पाणी बदलून त्यांचाच अंगठा, चुना न लावता, वाटीत दाबला.

लाल. सगळ्यांत गडद.

पटांगण खो खो हसलं. हसले नाहीत ते एकटे काका. ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

"म्हणजे माझा चट्टा...?"

"जागेवर आहे," काकू हळूच म्हणाल्या. "चल."

काका बसले. सही केली. आ केला. डॉक्टरांनी बराच वेळ विजेरी धरली. "चट्टा आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू. असे बरेच चट्टे कॅन्सर नसतात. पण असलाच, तर लवकर कळल्यावर पुष्कळ करता येतं. डबी इथे ठेवा."

काकांनी काकूंच्या हातातली डबी घेतली आणि टेबलावर ठेवली.

तर मंडळी, हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते, बस्स. त्या वाटीला एवढंच कळतं की हा माणूस चुना मळतो. आत काय चाललंय ते आ केल्याशिवाय कळत नाही. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. विचारतील त्या सवयी खऱ्या सांगा. हळद फोडणीत घाला.

रांग आता माझ्या टेबलापुढे होती. मी पुढचा कागद ओढला.

नाव: हळदीबाबा. "खरं सांगा." "विशाल."

सवयी: "ते सोडा ना, ताई."

"सहा वेळा," मागून मालनकाकू म्हणाल्या. "सकाळपासून मोजतेय मी."